रबरबँडच्या जागी चुंबक

मॉडेल विमानाचा पंख धडावर कसा बसवायचा, या प्रश्नाला आमच्या वेळी एकच उत्तर होतं. रबरबँड. धडातून आरपार दोन कामट्या घातलेल्या, एक पंखाच्या पुढे, एक मागे. त्यांच्या टोकांना अडकवून पंखावरून तिरके, एकमेकांना छेदत जाणारे सहा-आठ रबरबँड. कमी लावले तर पंख हवेत सरकायचा, जास्त लावले तर त्याची मागची नाजूक कड दबून चेपायची. वाण्याकडून आणलेली रबरबँडची पुडी जुहूच्या खाऱ्या, दमट हवेत फार टिकत नसे. आधी चिकट व्हायचे, मग ताणताना पटकन तुटायचे. तरी त्यांचा एक गुण मान्य करायला हवा. विमान नाकावर आदळलं की ते सुटायचे, पंख बाजूला उडून पडायचा आणि वाचायचा. सरसानं पक्का चिकटवलेला पंख त्याच धक्क्यात मोडायचा.

आज माझी नात याच कामासाठी निओडिमियमचे चुंबक वापरते. सहा मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची चकती, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. वजन पाऊण ग्रॅमही नाही. अशा चार चकत्या पंखात, चार धडात. पंख जवळ नेला की शेवटच्या बोटभर अंतरात तो आपणहून जागेवर जाऊन बसतो, खट् आवाज होतो, काम संपतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही, हे इथंच सांगून टाकतो. त्या चकत्या १९७० साली कोणी मला दिल्या असत्या, तर मी रबरबँडची पुडी वाण्याला परत केली असती.

आम्ही पार्ल्याच्या पश्चिमेला राहायचो, जुहूच्या विमानतळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता लोकांना विमानतळ म्हटलं की सांताक्रूझ-सहार आठवतं आणि जुहू म्हटलं की भेळ आणि नटनट्यांचे बंगले. पण देशातला पहिला नागरी विमानतळ हा जुहूचा, १९२८ सालचा, आणि तो सुरू झाला तो विलेपार्ले फ्लाइंग क्लब या नावानं. पार्लेकर या गोष्टीचा अभिमान उघडपणे बाळगत नाहीत, कारण त्यांच्याकडे अभिमानाच्या इतर बाबी भरपूर आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, इथंच उतरले. विमान होतं पुस मॉथ, एका इंजिनाचं. इथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. तेव्हाच्या टाटांच्या विमान कंपनीचं जुहूतलं कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पावसाळ्यात भरतीचं पाणी मैदानात शिरायचं, म्हणून त्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

१९४८ नंतर मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहूला राहिली फ्लाइंग क्लबची छोटी विमानं. आणि चुकून उतरलेली मोठी. वडील नेहमी सांगायचे ती गोष्ट १९५३ सालच्या जुलैमधली: बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे तेव्हाचं जगातलं सर्वांत नवं जेट प्रवासी विमान, सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरलं. नऊ दिवसांनी, हलकं करून, ते पुन्हा उडवलं गेलं. आमच्या वाट्याला आला तो सप्टेंबर १९७२ मधला रविवार. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जुहूला उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पलीकडे जाऊन रुतलं. माणसं वाचली, विमान मात्र कायमचं गेलं. त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दिवस कुंपणाशी गर्दी होती. आमच्यासारख्या पोरांना तर घरच्यांनी हाका मारून दमावं लागलं. एवढं मोठं विमान एवढ्या जवळून, आणि तेही स्थिर उभं, पुन्हा कधी बघायला मिळालं नाही.

अशा गावात मुलांनी विमानं केली नसती तरच नवल.

करायची कशाची, हा प्रश्न होता. बाल्सा लाकूड इक्वाडोरहून यायचं आणि त्याची किंमत आमच्या खाऊच्या पैशांना झेपायची नाही. त्यामुळे बाल्सा फक्त जिथं दुसरं काही चालणारच नाही तिथं. बाकी पतंगाच्या कामट्या, पुठ्ठा, थर्माकोल. पंखावर पतंगाचा पातळ कागद आणि त्यावर डोप, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पातळ द्रावण. ते वाळताना कागद ढोलाच्या कातड्यासारखा ताठ व्हायचा, आणि घरभर असा वास सुटायचा की आई सगळं सामान गॅलरीत हाकलायची. इंजिन ज्या भाग्यवंताकडे असे, त्याच्याकडे ते बहुधा कलकत्त्याहून आलेलं छोटं डिझेल असायचं. त्याचं इंधन घरीच मिसळायचं: एक भाग ईथर, एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल. ईथर ओळखीच्या डॉक्टरांकडून, रॉकेल रेशनचं, एरंडेल वाण्याकडचं. हे इंजिन सुरू करताना बोटाला जो फटका बसे त्याची आठवण आजही माझ्या तर्जनीला आहे. रेडिओ कंट्रोल आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यामुळे विमान दोन पोलादी तारांवर, हातातल्या मुठीला बांधलेलं, आणि उडवणारा मधोमध उभा राहून स्वतःभोवती गरगर फिरणारा. इंधन संपेपर्यंत फिरायचं, मग वाळूत बसायचं आणि समुद्र थांबायची वाट बघायची.

मैदान म्हणजे अर्थातच चौपाटी. ओहोटीला जुहूची ओली वाळू इतकी घट्ट होते की तिच्यावर सायकल चालते. सकाळी सहाला तिथं कोळी, पळणारे, योगासनं करणारे आणि आम्ही. कोणाची परवानगी नाही, कोणाला विचारणं नाही. हातानं फेकायचं ग्लायडर वाऱ्याच्या तोंडावर सोडलं की सरळ ताडाच्या उंचीला जायचं. एखादं समुद्रात जायचं. कोळ्यांची मुलं पोहत जाऊन ते आणून द्यायची आणि बदल्यात एकदा फेकायला मागायची. त्यांची फेक आमच्यापेक्षा चांगली असे.

चुंबक तेव्हाही आमच्याकडे होते, पण विमानात घालायचा विचार कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल रंगाचा नालचुंबक, टोकांवर लोखंडी चुंबकरक्षक ठेवलेला. तो जमिनीवर पडला तर त्याची ताकद जाते म्हणून सर हातात देत नसत. दुसरा, बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं काळं, ठिसूळ कडं. हे फेराइटचं. त्याला दोरी बांधून चौपाटीवरून ओढत नेणं हा एक स्वतंत्र उद्योग होता. वाळूतले काळे कण त्याला असे चिकटायचे की कड्याला मिशा फुटायच्या. सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं मॅग्नेटाइट झिजत, वाहत इथवर येतं आणि वाळूत मिसळतं. हे पुढं कळलं. तेव्हा आम्ही ते कण औषधाच्या बाटलीत भरायचो आणि काहीतरी मौल्यवान सापडलं अशा चेहऱ्यानं घरी न्यायचो. स्पीकरचं कडं उचलेल इतकं ओझं त्याचं स्वतःचंच असायचं. विमानात ते घातलं असतं तर विमान जागचं हललं नसतं.

फरक कुठं पडला ते आकड्यांत बघा. चुंबकाच्या पदार्थात किती ऊर्जा साठते याचं एक माप असतं. फेराइटमध्ये ते तीन-चार, शाळेतल्या नालचुंबकाच्या अल्निको या मिश्रधातूत पाच ते नऊ, आणि निओडिमियमच्या चुंबकात पस्तीसपासून बावन्नपर्यंत. चकतीच्या पाकिटावर ‘एन ४२’ असं छापलेलं असतं, तो ४२ म्हणजे हाच आकडा. मधे एक पायरी होती, समेरियम आणि कोबाल्टची. १९६६ मध्ये कार्ल स्ट्रनाट या शास्त्रज्ञानं अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत ती चढली. चुंबक जोरदार, पण कोबाल्ट महाग. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमोच्या मासातो सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून अलग काम करत, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण शोधलं. लोखंड स्वस्त, बोरॉन चिमूटभर. गाडीच्या मोटरी आणि संगणकाची हार्ड डिस्क यांच्यासाठी ही सगळी खटपट. मॉडेल विमानवाल्यांचा विचार कोणीच केला नव्हता. या लोकांना नेहमी दुसऱ्यांच्या पंगतीतलंच वाढून मिळतं.

मुंबईत हे चुंबक पहिल्यांदा हाताशी आले ते दुकानातून नव्हे, भंगारातून. लॅमिंग्टन रोडला निकामी हार्ड डिस्क किलोवर मिळायच्या. उघडल्या की आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन चकचकीत तुकडे, लोखंडी पट्टीला चिकटवलेले. ते पट्टीवरून सोडवताना निम्मे फुटायचे, कारण हा धातू दिसायला धातू आणि स्वभावानं कपबशी. त्यानंतर, २००० नंतरच्या काही वर्षांत, जगभरच्या हौशी लोकांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या सीडी-ड्राइव्हची मोटर उघडायची, आतलं कमकुवत चुंबकाचं कडं काढून टाकायचं, त्या जागी निओडिमियमचे छोटे चौकोन एक उत्तर एक दक्षिण असे आळीपाळीनं चिकटवायचे, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर होणारं हे काम. त्यातून निघालेली मोटर पूर्वीच्या फेराइटच्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावायची. आज बाजारात मिळणाऱ्या ब्रशलेस मोटरींत बाहेरचं भांडं फिरतं, त्यात बहुधा चौदा चुंबक असतात. आपल्या रस्त्यांवरचे लग्नाचे ड्रोन अशाच मोटरींवर उडतात.

आता नातीच्या टेबलाकडे या. माझ्या लहानपणी बांधणीचा पाट म्हणजे मऊ लाकडाची फळी. तिच्यावर नकाशा, नकाशावर मेणकागद म्हणजे सरस चिकटू नये, आणि मग टाचण्या. एकेक बरगडी दोन्ही बाजूंनी टाचण्या तिरक्या टोचून उभी करायची. बरगडीतून टाचणी आरपार घालायची नाही, लाकूड चिरतं. पावसाळ्यात एक रात्र गेली की टाचण्या गंजायच्या आणि बाल्सावर तांबूस ठिपके राहायचे. काटकोन डोळ्यानं बघायचा. म्हणून आमचे पंख जरा पिळलेले असत, आणि पिळलेल्या पंखाचं विमान एका बाजूला वळतच राहतं. तारेवर उडवताना ते लपायचं, ग्लायडरमध्ये लपायचं नाही.

तिच्याकडे फळीच्या जागी दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा आहे, अंधेरीला कापून आणलेला, आठ-साडेआठ किलोचा. तो घरी आणला तेव्हा सोसायटीच्या वॉचमननं “कूलर बसवताय का” असं विचारलं होतं. पत्र्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक. मग लाकडाचे छोटे काटकोनी ठोकळे, प्रत्येकाच्या तळाला दोन चुंबक बसवलेले. बरगडी उभी करायची, डावीकडून एक ठोकळा, उजवीकडून एक. काटकोन ठोकळ्याचा, म्हणून बरगडीचाही. ठोकळा केसभर सरकवायचा असेल तर बोटानं हलकेच ढकलला की सरकतो, आणि सोडला की हलत नाही. टाचणीनं हे जमायचं नाही. टाचणी एकदा टोचली की टोचली, हलवायची तर नवं भोक. मला विचाराल तर चुंबकाचा सगळ्यांत मोठा उपयोग इथं आहे, विमानात नव्हे. विमान उडण्याआधीच त्यानं ते सरळ केलेलं असतं.

ठोकळा उचलायची पद्धत तिनं मला शिकवली. “आबा, ओढू नका. कडेवर कलता करा, मग उचला.” दहा मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची चकती जाड पोलादावर दीड-दोन किलोच्या जोरानं धरते. पण मधे कागदाएवढी फट पडली तरी ही पकड भराभर उतरते. सरळ वर ओढलं तर सगळा जोर हातावर येतो, कलता केला की फट पडते आणि तो सुटतो. सुटे चुंबक ती लाकडी पेटीत, दोघांत पातळ पट्टी ठेवून, एकाच चवडीत रचून ठेवते. एकदा टेबलावर पडलेलं सर्जिकल ब्लेड थोड्या अंतरावरून त्या चवडीकडे सूं करत गेलं. तेव्हापासून टेबलाच्या त्या टोकाला पाती ठेवायची नाहीत असा नियम आहे. घरात लहान मूल आलं की पेटी वरच्या फळीवर जाते. असे दोन चुंबक मुलानं गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून भोक पाडतात. हा खेळ नव्हे, शस्त्रक्रियेचं काम आहे. आणि आमच्या एका मित्राला पेसमेकर आहे, तो आला की पत्र्यापासून लांबच्या खुर्चीवर बसतो. त्याला आम्ही तेवढ्यापुरतं पाहुण्यांचं स्थान देतो.

विमानात चुंबक जातात ते मुख्यतः झाकणांसाठी. बॅटरी दर उड्डाणानंतर काढावी लागते, म्हणून कॉकपिटची काच आणि तिच्याखालचा भाग एक सुटं झाकण असतं. आमच्याकडे झाकण म्हणजे चिकटपट्टी, किंवा एक बारीक स्क्रू, जो चौपाटीच्या वाळूत पडला की देवाघरी. नात पाच मिलिमीटरची चकती झाकणात बसवते आणि समोर धडात दुसरी. यात एक गंमत आहे. सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण असतं हे आपण सगळे पाठ करून दहावीला लिहून आलो, पण दुसरी चकती उलट चिकटवली की ते प्रतिकर्षण काय असतं ते झाकण उडून तोंडावर आल्यावर कळतं. वाळलेल्या इपॉक्सीतून चकती काढणं म्हणजे लाकूड पोखरणं. म्हणून ती आधी चवडीतल्या प्रत्येक चकतीच्या वरच्या बाजूला मार्करनं लाल ठिपका करते, आणि लाल कुठं तोंड करणार हे नकाशावरच लिहिते. किंवा सरळ एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला पोलादी वॉशर. वॉशरला उत्तर-दक्षिण नसते.

जुहूची हवा मात्र तिलाही सोडत नाही. या चुंबकांत लोखंड भरपूर, वर निकेल-तांबं-निकेल असा पातळ मुलामा. तो मुलामा खरवडला गेला की आतला गाभा गंजतो, फुगतो, आणि चकतीची करडी भुकटी होते. म्हणून झाकणात बसवल्यावर ती प्रत्येक चकतीवर नेलपॉलिशचा हात मारते. नेलपॉलिश म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज, आमचं डोप. पहिल्यांदा तिनं ती बाटली उघडली तेव्हा मी आतल्या खोलीतून उठून आलो. वास अगदी तोच, फक्त आता कोणी गॅलरीत हाकलत नाही. उष्णतेचंही पथ्य आहे. साध्या प्रतीचा चुंबक ऐंशी अंशांच्या वर तापला तर ताकद गमावतो आणि गार झाल्यावर ती पूर्ण परत येत नाही. म्हणून आधी सोल्डरिंग, मग चुंबक.

सध्या टेबलावर पुस मॉथ आहे. टाटांचं, व्हीटी-एडीएन ही अक्षरं असलेलं, एकास आठ या प्रमाणात. मूळ विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२ मीटर, म्हणजे मॉडेलचा १.४ मीटर. मीही एक पुस मॉथ केलं होतं, जरा लहान, पंख अखंड. फ्लाइंग क्लबच्या एका सद्गृहस्थांनी ते बघून सांगितलं होतं की खऱ्या पुस मॉथचे पंख मागे दुमडतात, छोट्या शेडमध्ये मावावं म्हणून. तेव्हा दुमडणारा पंख करणं आमच्या कुवतीबाहेरचं होतं. बिजागरी केली तर उघडल्यावर घट्ट कसा धरायचा? नातीच्या विमानात पंख खरोखर मागे वळतो, आणि पुढे आणला की मुळाशी दोन चुंबक त्याला ओढून घेतात. उडतानाचा भार घ्यायला अर्थात कार्बनची कांडी आहे. चुंबकावर सगळा भरवसा टाकणाऱ्यांचे पंख हवेत सुटलेले मी पाहिले आहेत. पण रूप म्हणाल तर १९३२ च्या विमानाशी तिचं विमान माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. १९८२ साली, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. लेपर्ड मॉथ घेऊन पुन्हा कराचीहून जुहूला उतरले. तो सोहळा बघायला गेलेल्या गर्दीत मी होतो, आणि माझी नजर त्यांच्यापेक्षा पंखाच्या बिजागरीकडे होती, हे आता सांगायला हरकत नाही.

हे चुंबक येतात कुठून? पाकिटावर चिनी अक्षरं. जगातले असे सुमारे नव्वद टक्के चुंबक चीनमध्ये होतात. त्यातला विरोधाभास मुंबईकराला विशेष बोचावा, कारण इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे आणि तिचं मुख्यालय प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या शेजारी. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट ती वेगळं करते. वाळू आपली, धातू काढायची विद्या आपल्याकडे, आणि शेवटची चकती मात्र शेनझेनहून टपालानं. एप्रिल २०२५ मध्ये चीननं समेरियम, डिस्प्रोशियम वगैरे सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या मोटारकंपन्यांची झोप उडाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं वर्षाला ६,००० टन चुंबक देशात करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एखाद्या मॉडेलला लागणाऱ्या पाच-सहा ग्रॅमची चिंता त्यात कोणी केली नसणार. पंगत पुन्हा दुसऱ्यांचीच.

बांधणी इतकी सुधारली आणि आकाश गेलं. जुहूच्या विमानतळावर आता प्रामुख्यानं हेलिकॉप्टरं, बहुतेक समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी. फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. मुंबई पोलिस ड्रोन, रिमोटवर उडणारी छोटी विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर बंदीचे आदेश पुन्हा पुन्हा काढतात, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळांभोवतीचं आकाश परवानगीच्या कुलपात घातलं. कारणं खरी आहेत. या शहरानं समुद्रातून आलेलं संकट पाहिलं आहे, आणि सहारला उतरणारी विमानं चौपाटीवरून दिसतील इतक्या जवळून जातात. मी तक्रार करत नाही. पण हातानं फेकायचं बिनइंजिनाचं ग्लायडर घेऊन चौपाटीवर उभं राहिलं तरी आता शिट्टी ऐकू येते, आणि त्या पोलिसाला बाल्सा आणि ड्रोन यांतला फरक समजावण्याचं वय माझं राहिलेलं नाही.

आणि इथं मला या चकत्यांचं खरं काम दिसतं. आकाश एकतर दूर गेलं, नाहीतर छताखाली आलं, आणि दोन्हीकडे जायची सोय चुंबकानंच केली. छताखालचं आधी. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उडणारी पंचवीस-तीस ग्रॅमची विमानं असतात. त्यांत सुकाणू वळवायला मोटर नसते. केसाइतक्या बारीक तारेचं वेटोळं, त्याच्या मधे एक इवलासा चुंबक सुकाणूला जोडलेला. प्रवाह एका दिशेनं सोडला की सुकाणू डावीकडे, उलटा सोडला की उजवीकडे. सगळी यंत्रणा एका ग्रॅमच्या आतबाहेर. फेराइटनं हे होणं शक्य नव्हतं. रविवारी दुपारी, खेळाडू जेवायला गेल्यावर, हॉल तासभर मिळतो. माणसाच्या चालीनं उडणारं विमान नेटच्या वरून जातं आणि सगळे डोकी वर करून बघतात. चौपाटी नव्हे, पण वारा नाही हा फायदा.

दूरचं आकाश म्हणजे पनवेलच्या आसपासची माळरानं होती. आता तिथं नवी मुंबईचा विमानतळ झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं, म्हणजे तेही गेलं. राहिलं कर्जतच्या पुढचं एका स्नेह्यांचं शेत, भातकापणीनंतर मोकळं. माझं अखंड पंखाचं विमान मी घरातून खांद्यावर टाकून चौपाटीपर्यंत चालत नेत असे. ते लोकलमधून कर्जतला नेता आलं नसतं. नातीचं पुस मॉथ पंख, शेपूट आणि नाक वेगळं होऊन एका लांबट पेटीत बसतं. आधी रिक्षा, मग पार्ल्याहून दादर, तिथून कर्जत लोकल. पेटी वरच्या रॅकवर. एका सहप्रवाशानं विचारलं, सतार का? तिनं हो म्हणून टाकलं. शेतावर पोहोचल्यावर जोडणीला फारसा वेळ लागत नाही, तारा जोडायलाच काय तो लागतो. पहिल्याच उतरणीला चाक बांधाला अडकलं, विमान कोलमडलं, झाकण एकीकडे आणि नाक दुसरीकडे. मी धावत गेलो. ती चालत आली, दोन्ही तुकडे उचलले, मातीचे कण फुंकरीनं उडवले, खट् खट् बसवले आणि म्हणाली, “बॅटरी अजून अर्धी आहे, आबा.”

तिला यानंतर कॉमेट करायचंय, १९५३ चं, जुहूला उतरलेलं. चार इंजिनं, चार मोटरी, आणि बॅटऱ्या वेगळ्या. मी खर्चाचा अंदाज काढून दिला आणि सुचवलं की त्यापेक्षा १९७२ चं डीसी-८ कर. ते काही पुन्हा उडालं नाही, तेव्हा मोटरींचा खर्च वाचेल. ती म्हणाली की मग चाकं रुतलेली दाखवावी लागतील, आणि चिखल कशाचा करायचा ते तुम्ही ठरवा. त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.